बकरा हसत नाही, चिठ्ठी वाचतो

बकरी ईदला दीड-दोन महिने उरले की आमच्या वर्गात बकऱ्यांच्या गोष्टी सुरू होतात. कुणाच्या बकऱ्याचे कान लांब, कुणाचा बकरा पोळी सोडून बिस्किटंच खातो, कुणाच्या बकऱ्याने दप्तराचा पट्टा चावून टाकला. यंदा सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “टीचर, बकरा हँसता कायकू?”

बाकीची मुलं खो खो हसली. तो मात्र गंभीर होता. त्याने नीट बघून ठेवलं होतं. शेजारची शेळी मुतून पुढे गेली की त्याचा बकरा त्या ओल्या जागी नाक लावतो, मग मान वर करतो, वरचा ओठ दुमडतो आणि काही क्षण तसाच उभा राहतो. शेळीच्या जातीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे नुसती हिरडी दिसते. “एकदम हसल्यासारखा दिसतो, टीचर. अब्बा म्हणतात वेडा झालाय. मी त्याला हाकलतो.”

मी म्हटलं, “तो हसत नाही रे. तो वाचतोय.”

आता लघवीबद्दलचा लेख घरात सगळ्यांनी मिळून वाचायच्या मासिकात कशाला, असं काही भगिनींना वाटेल. आपल्याकडे पाकी-नापाकीचे संस्कार अगदी लहानपणापासून असतात. एक थेंब कपड्याला लागू नये म्हणून आपण जपतो, मुलांनाही तेच शिकवतो. ते योग्यच आहे, आणि का योग्य आहे हे लेखाच्या शेवटी येईलच. पण आपण जे धुऊन टाकतो, तेच बऱ्याच जनावरांसाठी पत्र असतं. आपल्या घरातल्या उंदरापासून आपल्या जिल्ह्यातल्या वाघापर्यंत सगळ्यांचा पत्रव्यवहार याच शाईने चालतो. ती भाषा आपल्याला येत नाही, म्हणून कधी आपलं नुकसान होतं, कधी त्यांचं.

आधी बकऱ्याच्या ओठाचं बघू.

जनावराच्या नाकात, मधल्या पडद्याच्या तळाशी, टाळूच्या वर दोन बारीक नळ्या असतात. डेन्मार्कचे लुडविग जेकबसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. हे नाकातलं दुसरं नाक समजा. साधं नाक हवेवर तरंगत येणारे हलके वास टिपतं. हे दुसरं नाक उडून येऊ न शकणारे जड पदार्थही ओळखतं. पण त्यासाठी जनावराला तिथे जाऊन ओल्या जागेला तोंड लावावं लागतं. ओठ दुमडला, मान वर केली की तो ओलावा त्या नळ्यांपर्यंत पोचतो. शेळी माजावर आली आहे की नाही, हे बकऱ्याला असं कळतं. रेडा, वळू, घोडा हेही असंच करतात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांनी हे शंभर वेळा पाहिलं असेल. वाघही असाच ओठ दुमडतो. माणसात मात्र या इंद्रियाची फक्त खूण उरली आहे, ते चालवणारी जनुकं बंद पडलेली आहेत. या शाळेत आपण सगळे निरक्षर आहोत.

ही भाषा शास्त्रज्ञांनी सगळ्यात बारकाईने वाचली ती उंदरांकडून.

आमच्या सासरी, गावाकडच्या घरात, दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापूस भरलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यात हे नवीन नाही. भाव चढेल म्हणून थांबायचं, आणि तोवर घरातल्या माणसांनी ओसरीत झोपायचं. कापसात ऊब असते, सरकी असते, म्हणजे उंदराला घरही मिळतं आणि जेवणही. सकाळी दार उघडलं की अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यातूनच सांगतात, “उंदीर शिरलाय.” अजून एकही लेंडी दिसलेली नसते. त्यांना तो उग्र, अमोनियासारखा दर्प येतो. आपल्याला त्या पत्राचं एवढंच अक्षर कळतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या दिराने दुकानातला नोटा तपासायचा निळा दिवा आणला. रात्री खोलीतला दिवा बंद करून तो भिंतीच्या कडेने फिरवला. जमिनीवर, पत्र्याच्या कोठीवर, दाराच्या चौकटीखाली बारीक बारीक फिकट ठिपके चमकले, कुणी सुईने शिंपडल्यासारखे. वाळलेली उंदराची लघवी अतिनील प्रकाशात अशी चमकते. कपडे धुण्याच्या पावडरीचे डागही चमकतात, म्हणून प्रत्येक डाग उंदराचाच असं समजू नये. पण भिंतीला धरून ठिपक्यांची रांग दिसली तर समजावं की हा त्यांचा हमरस्ता आहे.

१९७३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच प्रकाशात एक गंमत पाहिली. दोन नर एकत्र ठेवले की भांडण होतं, एक जिंकतो, एक हरतो. नंतर रात्रभर त्यांच्याखाली कागद ठेवला. जिंकलेल्याने कागदभर शेकडो बारीक ठिपके टाकले होते. हरलेल्याने कोपऱ्यात दोन-चार थारोळी करून ठेवली होती. म्हणजे जिंकलेला उंदीर नुसता मोकळा होत नव्हता, तो जागोजागी सही करत फिरत होता. हरलेल्याला सही करायची हिंमत नव्हती.

या सहीत असतं काय? आपल्या लघवीत प्रथिनं सापडली तर डॉक्टर मूत्रपिंड तपासायला सांगतात. उंदराचं उलटं आहे. नर उंदराच्या लघवीत रोजच भरपूर प्रथिनं असतात. ती त्याच्या यकृतात तयार होतात आणि मुद्दाम बाहेर टाकली जातात. या प्रथिनांचा आकार पिंपासारखा असतो. पिंपाच्या पोटात वासाचे हलके कण धरून ठेवलेले असतात आणि ते हळूहळू बाहेर पडतात.

हे समजायला आपल्याला अवघड नाही, कारण आपल्या घरात अत्तर असतं. गुलाबाचा नुसता वास हवेत उडून जातो. म्हणून कनौजचे अत्तर करणारे तो चंदनाच्या तेलात धरून ठेवतात. तेल वासाला सोडत नाही, थोडा थोडा देत राहतं, म्हणून जुम्म्याला लावलेलं अत्तर रात्रीपर्यंत टिकतं. उंदराची प्रथिनं तेलाचं काम करतात. उंदीर निघून गेला तरी त्याची सही बोलत राहते.

शिवाय रानात वाढलेल्या प्रत्येक उंदराच्या लघवीत या प्रथिनांचं मिश्रण वेगळं असतं, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. त्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की हा कोण आहे, नर की मादी, नात्यातला की परका, सही ताजी की जुनी. आजारी किंवा अंगात जंत झालेल्या नराचा वास माद्या ओळखतात आणि त्याच्यापासून लांब राहतात.

२०१० साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या प्रथिनांपैकी एक वेगळं काढलं. त्याच्या वासाने मादी नराकडे ओढली जाते. त्यांनी त्याला ‘डार्सिन’ नाव दिलं, जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीतल्या मिस्टर डार्सीवरून. पुढे त्यांना असंही दिसलं की एकदा ही सही हुंगली की मादी ती जागा चौदा-चौदा दिवस लक्षात ठेवते आणि वास पुसून टाकला तरी तिथेच परत परत जाते. आपल्याला पत्ता पाठ करायला दहा वेळा लिहावा लागतो, तिला एकदा पुरतो.

या पत्राची ताकद किती, तेही ऐका. लंडनच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत हिल्डा ब्रूस नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. १९५९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की नुकतीच गाभण राहिलेली उंदराची मादी परक्या नराजवळ ठेवली तर तिचा गर्भ टिकत नाही. पुढे कळलं की त्या नराने तिला स्पर्शही करायची गरज नाही, त्याच्या लघवीचा वासच पुरतो. वास नाकातून मेंदूत जातो आणि मेंदू शरीराचा सगळा हिशोब बदलतो. आजही या परिणामाला त्यांचंच नाव आहे.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ही सही खोटी करता येत नाही. हरलेला उंदीर जिंकल्याचं पत्र लिहू शकत नाही. आजारी उंदराला तंदुरुस्तीचा दाखला मिळत नाही. मालकाला आपली हद्द टिकवायची तर रोज फिरून सह्या ताज्या ठेवाव्या लागतात. दुसऱ्याने येऊन वर सही केली तर त्याच्यावर परत करावी लागते. ज्याच्यात दम उरला नाही त्याच्या सह्या जुन्या होतात, आणि सगळ्यांना कळतं. म्हणूनच परका उंदीर ताजी सही हुंगून बहुतेक वेळा मुकाट्याने परत फिरतो. दोघांचीही मारामारी वाचते.

उंदीर शत्रूचंही पत्र वाचतो. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढलेल्या, मांजर कधी न पाहिलेल्या उंदरासमोर मांजराचा वास लावलेलं कापड ठेवलं तरी तो जागीच थिजतो. मांजराच्या लाळेतलं एक प्रथिन त्याच्या त्या दुसऱ्या नाकाला कळतं, हे कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं. आपल्या घरातली आळशी मांजर दिवसभर पलंगावर झोपते आणि तरीही उंदीर कमी होतात, त्यात तिच्या नुसत्या असण्याचाही वाटा असतो.

मांजराचा विषय निघाला की आमच्या पांढरकवडा भागात तिच्या मोठ्या भावंडाची आठवण निघतेच. इथून जवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. तिथला वाघही सह्या करतो. शेपटी वर करून तो मागे, झाडाच्या बुंध्यावर फवारा मारतो. तो फवारा म्हणजे लघवी आणि त्यात मिसळलेला तेलकट पदार्थ. इथेही तेच अत्तराचं गणित आहे, तेलामुळे वास अनेक दिवस झाडावर राहतो.

या फवाऱ्याचा वास कसा असतो, याचं उत्तर ऐकून आमच्या वर्गातल्या मुली किंचाळल्याच. बासमतीसारखा! कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी आयुष्याची बरीच वर्षं वाघाच्या वासाच्या अभ्यासात घालवली. ओडिशाच्या सिमलीपालमध्ये तिथले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी ‘खैरी’ नावाची वाघीण पिल्लापासून घरात वाढवली होती. ब्रह्मचारींनी तिच्या फवाऱ्याचा अभ्यास केला. १९९० च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बासमतीला आणि आंबेमोहोराला जो रेणू वास देतो, टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन, तोच वाघाच्या फवाऱ्यात आहे. मोहाच्या फुलातही तो त्यांना सापडला. रात्री घराच्या छपरात वावरणाऱ्या उदमांजराच्या अंगालाही असाच वास येतो. त्यामुळे शेताच्या वाटेवर अचानक बिर्याणीच्या भाताचा वास आला तर लगेच पळत सुटू नका, मोहही फुललेला असेल. पण जंगलाच्या कडेला, मोहाचा हंगाम नसताना, आजूबाजूला चूल नसताना तसा वास आला, तर एकट्याने पुढे न गेलेलं बरं.

तरुण वाघ मोठा झाला की आईच्या हद्दीतून बाहेर पडतो. जिथे जावं तिथे झाडावर आधीच कुणाची तरी सही असते. मग पुढे, अजून पुढे. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक नर २०१९ च्या जूनमध्ये असाच निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, रस्ते, नाले ओलांडत तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा सगळा प्रवास मोजला तर तीन हजार किलोमीटरच्या वर भरला. ज्ञानगंगेत त्याला जागा मिळाली, पण तिथे एकही वाघीण नव्हती. हद्द मोकळी होती, पण त्याच्या सह्या वाचायला कुणी नव्हतं.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. ती या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, पण तिच्यातली वासाची बाजू फारशी बोलली गेली नाही.

२०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि पांढरकवडा भागात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली. वनखात्याने १३ मृत्यूंशी टी-१ या वाघिणीचा संबंध जोडला. वन्यजीवप्रेमींनी तिला अवनी म्हटलं. इथल्या बायका तिला नावाने हाक मारत नव्हत्या, त्या फक्त “ती” म्हणायच्या. कापूस वेचायला जाताना दहा-बारा जणी मिळून जायच्या, त्यातही एक जण काठी घेऊन उभा. सूर्य कलला की शेत सोडायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची दादी त्या हंगामात वेचणीला गेलीच नाही, आणि त्या घरात ईदचे कपडे आले नाहीत. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण बाहेरच्या लोकांना वाघिणीचं नाव माहीत असतं, वेचणारीची मजुरी माहीत नसते.

वाघिणीला पकडायला किंवा मारायला काय काय केलं गेलं! शेकडो माणसं, कॅमेरे, हत्ती, शिकारी कुत्रे. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. गोळी हैदराबादचे असगर अली यांनी झाडली. त्या रात्री नियम पाळले गेले की नाही यावर पुढे खूप वाद झाले, चौकश्या झाल्या. तो आजचा विषय नाही. आजचा विषय हा, की ती तिथे आली कशी. वनाधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितलं होतं, की त्या भागात दुसऱ्या वाघिणीची लघवी आणि एक अमेरिकन अत्तर शिंपडलं होतं, आणि ते हुंगत ती आली.

अमेरिकन अत्तर म्हणजे कॅल्विन क्लाइन कंपनीचं ‘ऑब्सेशन फॉर मेन’. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चित्त्यांपुढे वेगवेगळी अत्तरं ठेवून पाहिली होती, तेव्हा ते याच्याजवळ सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले. मग जंगलात कॅमेऱ्यासमोर जॅग्वारला आणायलाही ते वापरलं गेलं. कारण त्यात जवादी मांजराच्या गंधासारखं द्रव्य आहे. आपल्या जुन्या अत्तरवाल्यांना हे नवीन नाही. जवादीला अरबीत ‘जबाद’ म्हणतात, आणि इंग्रजीतलं या प्राण्याचं नावही त्याच शब्दावरून आलं आहे. मुश्क म्हणजे कस्तुरी, ती कस्तुरीमृगाच्या नराच्या बेंबीजवळच्या ग्रंथीतून निघते. जवादीही त्या मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून येते. जंगलात हे दोन्ही गंध म्हणजे त्या जनावरांच्या सह्याच. शेकडो वर्षं माणसं ती पत्रं कुपीत भरून मनगटाला लावत आली. आता कस्तुरीमृगाला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे आणि बाजारातली बहुतेक ‘मुश्क’ कारखान्यात बनते, ते चांगलंच झालं.

तर त्या रात्री बोराटीजवळ जी चिठ्ठी टाकली होती, ती खोटी होती. तिच्या हद्दीत दुसरी वाघीण शिरली आहे, असं त्या वासाने तिला सांगितलं. जंगलात अशी चिठ्ठी खोटी नसते. ती वाचून तिने तेच केलं जे कुठलीही हद्दीची मालकीण करेल, बघायला आली. तिची सुमारे दहा महिन्यांची दोन पिल्लं मागे होती.

मी हे वनखात्याला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्या अंगणात बसलेली बाई “वाघिणीला फसवलं” असं म्हणू शकत नाही. त्या परिस्थितीत दुसरं काय करता आलं असतं, यावर शहाण्या माणसांतही दुमत आहे. पण मला एक गोष्ट राहून राहून वाटते. त्या दोन वर्षांत आपण तिची भाषा शिकलो ती तिला बोलावून मारण्यापुरती. तीच भाषा आधी शिकलो असतो, कुठल्या नाल्याकाठी तिच्या सह्या ताज्या आहेत, कुठल्या शेताच्या कडेला वाढत आहेत हे गावाला वेळेवर कळलं असतं, तर वेचणाऱ्या बायकांना त्या बाजूला जाऊ नका असं सांगता आलं असतं. सगळे जीव वाचले असते असं म्हणत नाही. काही वाचले असते.

तिच्या दोन पिल्लांपैकी मादी पिल्लू डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेलं. दोन वर्षं कुंपणात वाढवून मार्च २०२१ मध्ये तिला पेंचच्या जंगलात सोडलं. काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि मेली. त्या जंगलात आधीच मालकीण होती. आईजवळ वाढलेलं पिल्लू झाडाझाडावर हुंगत, कुठे थांबायचं आणि कुठून परत फिरायचं, हे तिच्या मागे फिरून शिकतं. हिला दहाव्या-अकराव्या महिन्यातच तो वर्ग सोडावा लागला. शिक्षिका म्हणून मला ही गोष्ट विसरता येत नाही.

आता घराकडे. ही भाषा शिकून आपण काय करायचं?

पहिलं, उंदराच्या पत्राला हात लावू नका. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो. २००५ च्या जुलैत मुंबईत पूर आला, त्यानंतर या तापाने बरेच लोक आजारी पडले, कारण ते त्याच पाण्यातून चालले होते. जंतू पायाच्या भेगेतून, जखमेतून आत शिरतो. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांनी गमबूट घालावेत, जखम झाकावी. चिखलात काम केल्यावर ताप, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरांना “मी चिखलात काम केलं होतं” हे आवर्जून सांगा. वेळेवर औषध मिळालं तर हा आजार बरा होतो. आणि ज्या प्रथिनावर उंदराची सही असते, त्याच प्रथिनाने काही मुलांचा दमा वाढतो. कापूस भरलेल्या खोलीशेजारी झोपणारं मूल हिवाळाभर खोकत असेल तर फक्त थंडीला दोष देऊ नका.

दुसरं, कोरडा झाडू मारू नका. धूळ उडून नाकात जाते. लेंड्या आणि डाग आधी जंतुनाशकाच्या पाण्याने ओले करा, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला घालून पुसा, मग साबणाने हात धुवा. डब्यांची झाकणं, थंड पेयांच्या बाटल्यांची तोंडं धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

तिसरं, उंदीर पकडला म्हणजे काम झालं नाही. त्याचा रस्ता तसाच राहिला तर दुसरा त्याच वासावर येतो. भिंतीच्या कडा, कोठीच्या खालची जागा, चौकट पुसून काढा. पेन्सिल शिरेल एवढी फट लहान उंदराला पुरते, ती सिमेंटने किंवा भांडी घासायच्या स्टीलच्या काथ्याने बुजवा. सापळा खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीला लागून ठेवा, कारण ते भिंत धरून चालतात.

चौथं, शेताच्या वाटेवरही वाचायला शिका. झाडाच्या बुंध्यावर कमरेएवढ्या उंचीवर तेलकट ओल, नखांचे ओरखडे, मऊ मातीत पंजा दिसला तर वाट बदला आणि गावात सांगा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. पहाटे आणि सांजेला एकट्याने वाकून काम करू नका, दोघी-तिघी मिळून बोलत जा. आपला आवाज ही आपली सही आहे. ती ऐकून वाघही बहुतेक वेळा वाट बदलतो.

हे सगळं मी वर्गात सांगितलं तेव्हा तास कधी संपला कळलं नाही. घंटा झाली, मुलं पळाली. बकऱ्यावाला मुलगा दारात थांबला. म्हणाला, “टीचर, मग मी त्याला उगाच हाकलत होतो.”

“हो. आता वाचू दे त्याला पूर्ण.”

“आणि मला? माझा वास कळत असेल त्याला?”

“तू रोज पाला घालतोस ना? तुला तो लांबूनच ओळखत असणार.”

तो खूश होऊन गेला. पुढच्या अंकापर्यंत घरातल्या मुलांना एक काम द्या. गोठ्यात, अंगणात, गल्लीत कुठली कुठली जनावरं असा ओठ दुमडून उभी राहतात आणि कुठली राहत नाहीत, ते आठ दिवस बघून वहीत लिहायला सांगा. कुत्रा करतो का? मांजर करते का? चांगल्या नोंदी मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. त्यातल्या काही मी माझ्या वर्गात वाचून दाखवीन.